आधी पत्ता सांगा, मग घर खाली करा

मे महिना सरत आला की नवी मुंबईत धोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. पाचशेच्या आसपास नावं. त्यातल्या सी-1 म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब खाली करून पाडायच्या. जिन्याच्या भिंतीवर नोटीस चिकटते. तिच्यात कलम असतं, मुदत असते, वीज-पाणी तोडण्याचा इशारा असतो, काही झालं तर जबाबदारी तुमची, हेही बजावलेलं असतं. आज रात्री लेकराबाळांना घेऊन जायचं कुठे, हे मात्र लिहिलेलं नसतं. बेलापूरपासून दिघ्यापर्यंत डोंगराला बिलगलेल्या झोपड्यांनाही दर पावसाळ्यात हेच ऐकवलं जातं: सुरक्षित ठिकाणी स्थलांतरित व्हा. कुठलं ठिकाण? कोणाच्या ओळखीने? किती दिवस?

पत्ता नसलेली नोटीस म्हणजे उद्या चौकशी लागली तर दाखवायला ठेवलेला कागद. त्याने एकही जीव वाचत नाही.

इर्शाळवाडी आपल्याला लांबची वाटते. पण नवी मुंबईच्या बहुतेक नळांना येतं ते मोरबे धरणाचं पाणी, आणि त्याच जलाशयाच्या डोक्यावर इर्शाळगड उभा आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री त्या गडाच्या कुशीतली ठाकर आदिवासींची ही वाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं बेपत्ता राहिली, आणि काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हतीच. वर जायला गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेली माणसं अंधारात, पावसात, चिखलातून पायी चढत होती. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक अधिकारी त्या चढावरच हृदयविकाराने गेला. पाऊस त्याआधी दिवसचे दिवस कोसळत होता. खाली उतरायचा निर्णय दिवसाउजेडी व्हायला हवा होता. रात्री अकराला तो कोण घेणार?

वाचलेल्या कुटुंबांना पुढे चौक गावात कंटेनरच्या घरांत ठेवलं, पक्की घरं बांधायचं काम सिडकोकडे आलं. म्हणजे जागा होती, पैसा होता, यंत्रणाही होती. हे सगळं माणसं गेल्यावर जागं झालं, याचा मला अजून संताप येतो.

आता शहरातलंच बघा. 27 जुलै 2024 ला पहाटे पाचच्या सुमाराला बेलापूरच्या शहाबाज गावातली इंदिरा निवास ही चार मजली इमारत कोसळली. तिचं वय जेमतेम दहा वर्षं. तडकल्याचे आवाज आले, हाकाटी झाली, पन्नासएक माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आली आणि वाचली. तिघं ढिगाऱ्याखाली गेले. त्या पहाटे ज्यांनी आवाज ऐकून शेजाऱ्यांना उठवलं, त्यांनी कुठल्या परिपत्रकाची वाट पाहिली नाही. खांबाला नवा तडा, काल नीट लागणारं दार आज चौकटीत अडकणं, गिलावा सुटून पडणं, भिंतीतून कडकड आवाज: यातलं काही दिसलं-ऐकलं की आधी बाहेर पडायचं, इंजिनिअरला फोन खाली उभं राहून करायचा. डोंगराखाली राहत असाल तर जमिनीला पडलेली भेग, तिरकं झालेलं झाड किंवा विजेचा खांब, अचानक गढूळ झालेला झरा किंवा एकदम आटलेला ओहोळ, यातली एक खूणही निघायला पुरेशी आहे.

मग लोक निघत का नाहीत? आळस म्हणून नाही. झोपडीवासीयाला विचारा. 1 जानेवारी 2000 पूर्वीची झोपडी संरक्षित, त्यानंतर 2011 पर्यंतची पैसे भरून पात्र, अशी सरकारची मोजपट्टी आहे. ती सिद्ध करायला लागतात जुनी वीजबिलं, मतदारयादीतलं नाव, रेशनकार्ड. घराला कुलूप लावून पंधरा दिवस निवाऱ्याच्या शाळेत जाऊन राहिलं आणि परत आल्यावर झोपडीत दुसराच कोणी बसलेला असला, किंवा तोडकाम पथक येऊन गेलेलं असलं, तर? इमारतीतल्या भाडेकरूला हीच भीती, आणि मालकाला पुनर्विकासाची. एकदा बाहेर पडलो की संक्रमण शिबिरात आयुष्य जाईल, हे त्याने मुंबईत उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून माणसं तडे गेलेल्या छताखाली झोपतात. त्यांना अडाणी म्हणायचं कारण नाही. घर खाली करा म्हणताना ‘तुमचा हक्क जाणार नाही’ असं सही-शिक्क्यानिशी लिहून द्या, अर्धी वस्ती त्याच संध्याकाळी निघेल.

हे होऊ शकतं, याचा पुरावा शेजारच्या रायगडात आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ तिथल्या किनाऱ्याला धडकलं. आधीच हजारो माणसांना शाळांत आणि पक्क्या इमारतींत हलवलं होतं, तेही करोनाच्या धास्तीत, अंतर राखायचं असताना. पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पण कुठे जायचं ते लोकांना ठाऊक होतं, त्यामुळे वाऱ्याच्या तोंडी घरं सापडली, माणसं फार थोडी.

नवी मुंबईला आणखी एक अडचण आहे, ती खाडीची. या शहराचा मोठा भाग भरतीच्या पातळीच्या खाली, भराव घालून उभा आहे. म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव केले. भरतीला खाडीकडची झडप मिटते, शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर पडतं. तलाव गाळाने उथळ झाले, आत खारफुटी वाढली, ती काढायला न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे मोठं उधाण आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाणी रस्त्यावर थांबणार, हे उघड आहे. दिवाळे, सारसोळे, वाशीगावातल्या कोळ्यांना अमावस्या-पौर्णिमेचं उधाण तोंडपाठ असतं; सेक्टरातल्या आपल्याला भरतीची वेळही माहीत नसते. ‘रेड अलर्ट’ येतो तो ठाणे जिल्ह्याचा, म्हणजे शहापूरपासून बेलापूरपर्यंत एकच. आपली गल्ली कधी बुडणार हे त्यातून कळत नाही, भरतीच्या तक्त्यावरून बरंचसं कळतं. तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना हलवायचं असेल तर भरतीच्या आधी हलवा. एकदा पाणी चढलं की ओहोटीपर्यंत तास न् तास अडकून पडाल.

पिशवी आजच भरून ठेवा. चेन लावायच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत आधार, रेशनकार्ड, जुनी वीजबिलं, भाडेकरार किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मुलांचे दाखले. सगळ्याचे फोटो गावाकडच्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनवर. रोजच्या गोळ्या, चष्मा, बॅटरी, पॉवर बँक, थोडी रोख रक्कम. निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद. दागिने शोधत बसू नका. वरच्या मजल्यावर एकटं कोण राहतं, कोणाला उचलून आणावं लागेल, हे सोसायटीच्या वॉचमनला माहीत असू द्या.

आणि पाऊस लागण्याआधी, सोसायटीच्या किंवा वस्तीच्या नावाने, महापालिकेच्या विभाग कार्यालयात एक अर्ज द्या. आमच्यासाठी निवारा म्हणून कोणती शाळा ठेवली आहे, तिची किल्ली रात्री कोणाकडे असते, आणि घर खाली केल्यावर आमचा हक्क शाबूत राहील असं कोण लिहून देणार, याचं उत्तर लेखी मागा. अर्जाच्या प्रतीवर पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.