डिजिटल अटक, घरपोच

पोलीस खातं एवढं तत्पर कधीपासून झालं, हा प्रश्न ‘डिजिटल अटके’चा फोन आल्याबरोबर पडायला हवा. पाकीट हरवल्याची साधी तक्रार द्यायला चौकीत गेलात, तर साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. इथे साहेब स्वतः व्हिडिओ कॉलवर, कडक इस्त्रीच्या गणवेशात, मागे अशोकस्तंभ! तुमच्या नावाच्या पार्सलात ड्रग्ज सापडलेत. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. सुनावणीही लगेच. एरवी आपल्याकडे जमिनीच्या दाव्याची पुढची तारीख नातवाला मिळते. मग एफडी मोडून सगळी रक्कम ‘सरकारी खात्यात’ आरटीजीएस करायची. तपासणी झाली की परत. सरकार आपणहून पैसे परत करतं म्हणे! इथे तरी शंका यावी की नाही? पण फोन घेणारा बहुधा निवृत्त, जन्मभर शिक्क्याच्या कागदाला मान दिलेला. तो घाबरतो.

भारताच्या कुठल्याही कायद्यात डिजिटल अटक नाही. फोन कापा, घरच्यांना सांगा. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच गोठवता येते.