बिनतारी साधना

फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली जी लिनक्स प्रणाली जगाच्या ओंजळीत घातली, तिच्या सद्गुणांत साधकास स्वावलंबन शिकविण्याचा गुण किती श्रेष्ठ आहे, याचा साक्षात्कार मला धाटावास, रासायनिक कारखान्यांच्या शेजारी, लॅपटॉपवर वायफाय सुरू करताना झाला. यंत्राने मोठ्या अदबीने कळविले की, वायफाय-कार्डाचे फर्मवेअर गैरहजर असल्याने इंटरनेट मिळणार नाही; सदर फर्मवेअर इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. लिनक्सच्या डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ संप्रदायाने तर असले अमुक्त फर्मवेअर 2023 पर्यंत आपल्या अधिकृत इन्स्टॉलरच्या उंबरठ्याशीच थोपवून धरले होते.

इतकी निर्दोष व्यवस्था एका लॅपटॉपपुरती मर्यादित राहावी, हे आमच्या रोहे तालुक्याचे दुर्दैव होय. कुंडलिका नदीवरील होडीचे वल्हे पैलतीरी ठेवावे. नळजोडणीच्या अर्जासोबत त्याच नळाचे तांब्याभर पाणी दाखल करून घ्यावे. आणि कोकण रेल्वेचा जेथे आरंभ होतो त्या रोहे स्थानकात केवळ गाडीतून उतरलेल्यांनाच प्रवेश द्यावा. गर्दी, तक्रारी आणि खर्च ही तिन्ही प्रकरणे एका हुकुमासरशी दप्तरदाखल होतील.

तिसऱ्या रात्री मात्र माझी निष्ठा ढळली. खिशातला मोबाइल तारेने लॅपटॉपला जोडला आणि बिनतारी सिद्धी त्या तारेतून उतरली. त्या मोबाइलच्या अँड्रॉइडच्या गाभ्यातही लिनक्सच आहे म्हणतात. परंतु ही बाब त्यास कोणी रीतसर कळविली नसल्यामुळे त्याचे वायफाय पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालू आहे.