पुतणीचा आवक क्रमांक

ज्या प्रकारच्या कचेरीत आमच्या आयुष्याची चौतीस वर्षे, चष्म्याचे पाच नंबर आणि तीन छत्र्या खर्ची पडल्या, तशाच एका तालुक्याच्या कचेरीत आमची पुतणी गेल्या उन्हाळ्यात विद्यार्थिनी म्हणून दाखल होणार, ही वार्ता कानी आली तेव्हा आम्हास जो आनंद झाला, तो नव्या सुनेला उंबरठ्यावर पाहून घरातल्या जुन्या सुनेला होतो त्या जातीचा होता.

पुतणी लोकप्रशासन या विषयात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्या श्रेयांक नावाच्या मापाने मोजावयाचे ठरविल्यापासून, पायली-शेरांबरोबर लयास गेलेली मापनकला विद्यापीठांत पुन्हा भरभराटीस आली असून, दुसऱ्या सत्रात कोणत्या तरी कार्यस्थळी जाऊन चार श्रेयांक पदरात पाडून घेणे तिला प्राप्त होते. तीस तासांस एक श्रेयांक हा चालू भाव. म्हणजे चारांस १२० तास. महाविद्यालयात या प्रकारास ‘ओजेटी’ म्हणतात, आणि ते नाव प्रथम कानावर पडले तेव्हा आमच्या कुटुंबाने ती लस दंडात टोचतात की तोंडाने पाजतात अशी पृच्छा केली होती. सरकारी कचेऱ्या २०२०च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांच्या झाल्या आणि त्यांची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी लांबली. त्यातून अर्ध्या तासाची जेवणाची सुटी वजा जाता दिवसाचे आठ तास उरतात. सबब काम बरोबर पंधरा दिवसांत संपते. हा हिशेब आम्ही तोंडी करून दिला तेव्हा पुतणी ‘काका, तुम्ही ग्रेट आहात’ असे म्हणाली. सेवेत असताना आमच्या एकाही हिशेबावर इतका अनुकूल शेरा पडल्याचे स्मरत नाही.

वस्तुतः या लशीस मराठीत एक जुने आणि घरंदाज नाव आहे. उमेदवारी! इंग्रजी अमलातल्या मामलेदार कचेरीत कारकुनाच्या बैठकीशेजारी मांडी घालून, बिनपगारी, नकला करीत आणि वह्यांवर रेघा ओढीत जो तरुण बसे, तो उमेदवार. कारण कोणी तरी निवृत्त होईल, कोणाची बदली होईल, किंवा ईश्वरेच्छेने एखादी जागा याहूनही कायमची रिकामी होईल, ही उमेद हेच त्याचे वेतन असे. पुढे १९६१च्या कायद्याने ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून त्या शब्दाची कारखान्यात सोय लावली, आणि उरलेला शब्द निवडणुकीस उभे राहणाऱ्यांनी नेला, जे उचितच झाले, कारण उमेद हल्ली त्यांच्याचकडे शिल्लक आहे. जुन्या उमेदवारास पैसा मिळत नसे, आशा मिळे. नव्यास पैसा मिळत नाही आणि आशेबद्दल कोणी बोलत नाही, परंतु गुणपत्रिकेत चार आकडा उमटतो.

पहिल्या दिवशी प्राचार्यांचे विनंतीपत्र घेऊन पुतणी आवक-जावकच्या खिडकीशी उभी राहिली. पत्रावर शिक्का पडला, क्रमांक पडला, तारीख पडली. ‘आणि मी?’ असे तिने विचारता तिथल्या बाईंनी पत्राकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने पाहिले, कारण कागदासोबत एक मनुष्यही आवक झाल्यास त्याची नोंद कोणत्या रकान्यात घ्यावी याची तरतूद त्या वहीत नव्हती. अखेर त्यांनी पत्रामागे ‘सोबत: एक’ असे पेन्सिलीने लिहिले आणि मुलीला बाकाकडे बोट दाखविले. तिथून पुढे पत्र चालले आणि मुलगी त्याच्या मागोमाग चालली. पत्र रावसाहेबांच्या, म्हणजे तहसीलदारांच्या, टेबलावर गेले. ते ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत आले. चर्चा झाली, ती अशी की ‘कोण आहे?’ ‘कॉलेजची आहे.’ ‘बरं.’, आणि पत्र आस्थापनेकडे चिन्हांकित झाले.

येथे अनभिज्ञ वाचकांसाठी सांगणे अगत्याचे आहे की, बदल्यांचे नियमन आणि कामातील दिरंगाईस प्रतिबंध अशा दोन हेतूंनी २००५ साली या राज्यात जो कायदा झाला, त्यान्वये कोणतीही धारिका एका कर्मचाऱ्याकडे साधारणतः सात कामकाजी दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. आमची पुतणी प्रलंबित राहिली नाही. आस्थापनेच्या भाऊसाहेबांनी तिला पाच दिवस खुर्ची दिली, नंतर ‘पुढील कार्यवाहीस्तव’ पुरवठा शाखेकडे दिली, आणि पुरवठा शाखेने चार दिवसांत ‘ही बाब या शाखेशी संबंधित नाही’ असे पाहून तिला अभिलेख कक्षाकडे वर्ग केले. कायद्याचे इतके काटेकोर पालन कचेरीने एखाद्या शेतकऱ्याच्या अर्जाबाबत केले असते, तर त्या शेतकऱ्याला घेरी आली असती.

पहिले पाच दिवस शिकणे असे फारसे झाले नाही. मात्र पायऱ्या कळल्या. राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्र्यांच्या नावे जी युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तीत बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० असे विद्यावेतन असून, प्रथम सहा महिन्यांची असलेली मुदत पुढे अकरा महिने झाली. त्या योजनेतील दोन प्रशिक्षणार्थी तिथे होते. ६,००० रुपयांचा मुलगा संगणक चालवी. १०,००० रुपयांची मुलगी तो कसा चालवावा हे त्याच्याकडून शिके. आणि चार श्रेयांकांची आमची पुतणी त्या दोघांसाठी छपाईयंत्रात कागद भरी. कचेरीतले शिपाईमामा तेवढे तिला ‘मॅडम’ म्हणत. पण ते वीजबिल वाटणाऱ्या मुलालाही ‘साहेब’ म्हणतात.

शेवटचे सहा दिवस अभिलेख कक्षात गेले, आणि तिथे मात्र मुलीचा जीव रमला. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८०च्या दशकात दप्तरे लावून दाखविण्याचा जो आदर्श घातला, त्याच्या उसन्या उत्साहात आम्हीही एके काळी एक संपूर्ण दालन लावले होते आणि त्यात तीन आठवडे शिंकत होतो. त्यामुळे तिच्या वर्णनातला तो वास, कुबट कापड, डिंक आणि उंदीर यांच्या समभागाने सिद्ध होणारा, आमच्या नाकाशी तत्काळ उभा राहिला. कायम जतन करावयाचे ‘अ’ वर्गाचे कागद तांबड्या रुमालात, तीस वर्षांचे ‘ब’ हिरव्यात, ‘क’ पिवळ्यात, आणि वर्षभराने नष्ट करावयाचे ‘ड’ पांढऱ्यात बांधावयाचे. तिने दोन दिवसांत एक रॅक लावला. रुमालाची गाठ कशी मारावी हे मामांनी शिकविले: दोन समोरासमोरची टोके आधी, मग दुसरी दोन, आणि शेवटची गाठ अशी की ओढताच सुटेल परंतु आपण होऊन सुटणार नाही. आमच्या मते तिच्या ओजेटीतील शिक्षण म्हणून जे काही म्हणता येईल ते एवढेच, आणि ते कमी नव्हे.

तिसऱ्या दिवशी दाराशी एक म्हातारी आली. विधवा, संजय गांधी निराधार योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळावेत म्हणून तिने दोन वर्षांपूर्वी अर्ज केलेला, आणि त्याचे काय झाले ते पाहण्यास दर बाजारच्या दिवशी येण्याची तिची वहिवाट. त्या योजनेच्या शाखेतल्या भाऊसाहेबांनी तिला नुकतेच लेखी कळविले होते की, ‘आपला अर्ज तूर्त उपलब्ध होत नाही.’ वाचकहो, हे वाक्य सामान्य नव्हे. अर्ज हरवला म्हटले की कोणी तरी हरविला असे निष्पन्न होते, आणि मग तो ‘कोणी’ शोधावा लागतो. परंतु ‘उपलब्ध होत नाही’ म्हणताच सर्व दोष अर्जाच्या स्वभावावर जातो, आणि ‘तूर्त’ या शब्दाने त्यास सुधारण्याची संधीही राहते. पुतणीला हे ठाऊक नसल्याने तिने अर्ज शोधला. तो पांढऱ्या रुमालात, नष्ट करावयाच्या कागदांत निघाला; कोपरा कुरतडलेला, अंगठा शाबूत.

ती धावत भाऊसाहेबांकडे गेली. भाऊसाहेबांनी अर्ज हाती घेतला, उलटापालटा केला, आणि मुलीच्या मते त्यांचा चेहरा प्रथम आनंदी, मग विचारी आणि मग दुःखी झाला. ‘बाळ,’ ते म्हणाले, ‘पत्र जावक झालंय गं.’

अडचण खरी होती. अर्ज उपलब्ध नाही असे कचेरीने सही-शिक्क्यानिशी कळविले असता तो उपलब्ध झाला, तर कचेरी खोटी ठरते. आणि म्हातारीस १,५०० रुपये मिळावेत म्हणून जावक क्रमांक असलेले पत्र खोटे पाडावे, असा संकेत निदान आमच्या वेळेपर्यंत तरी नव्हता. तोड निघाली ती अशी की म्हातारीने नवा अर्ज द्यावा. तो पुतणीने लिहिला, अंगठा घेतला, क्रमांक पाडून आणला. सगळे अकरा मिनिटांत. जुना अर्ज पुन्हा पांढऱ्या रुमालात गेला, आणि त्यावर गाठ तिनेच मारली. म्हातारीने पदराची गाठ सोडून तिच्या ओंजळीत करवंदे ओतली. ती कचेरीत कोणी खाल्ली नाहीत, कारण ती लाच ठरते किंवा कसे याविषयी दुमत झाले. मामांनी मात्र मतभेदात न पडता चार उचलली.

त्या दिवशी तिने दैनंदिनीत ‘एका आजींचा हरवलेला अर्ज शोधून दिला’ असे लिहिले. कार्यस्थळ मार्गदर्शक म्हणून सही करताना त्याच भाऊसाहेबांनी ते वाक्य तिरप्या रेघेने छेदून वर लिहिले, ‘अभिलेख व्यवस्थापनाचा सर्वसाधारण परिचय करून घेतला.’ आम्ही दोन्ही वाक्ये पाहिली. खरे सांगावयाचे तर, दुसऱ्या वाक्याची बांधणी पाहून मन भरून आले.

महाविद्यालयास आता विहित नमुन्यातील मूल्यमापन हवे होते. त्यात ‘पुढाकार घेण्याची वृत्ती’ असा एक रकाना होता आणि तो पाहून भाऊसाहेब पुन्हा विचारी झाले, कारण पुढाकार घेतलेल्या माणसांची त्यांनी पाहिलेली प्रकरणे बहुधा विभागीय चौकशीची होती. मुलीचे भले चिंतून त्यांनी तिथे ‘बरी’ असे लिहिले. प्रमाणपत्र मात्र रावसाहेबांच्या सहीचे लागते, आणि मे महिन्यात, त्याच २००५च्या कायद्याच्या दुसऱ्या अंगानुसार, रावसाहेबांची बदली झाली. नवे रावसाहेब आले. सहीस्तव ठेवलेले प्रमाणपत्र जुन्या रावसाहेबांच्या काळातील काम प्रमाणित करते, तर ते नव्यांनी कसे प्रमाणित करावे, यावर वरिष्ठांचे मार्गदर्शन मागविण्यात आले. सत्राचा निकाल तोंडावर आला तेव्हा पुतणी म्हणाली, ‘काका, तुमची ओळख आहे ना?’

म्हणून परवा आम्ही स्वतः गेलो. चौतीस वर्षांच्या सेवेनंतर खिडकीच्या बाहेरच्या बाजूस उभे राहण्याचा तो आमचा पहिलाच प्रसंग, आणि ती खिडकी बाहेरून इतकी ठेंगणी आहे हे आम्हास कोणीच सांगितले नव्हते. आत एक कोवळा मुलगा बसला होता. गळ्यात महाविद्यालयाचे ओळखपत्र, पुढ्यात नवी कोरी दैनंदिनी. आम्ही पुतणीचा आवक क्रमांक सांगितला. त्याने वही उघडली, बोट खालपर्यंत नेले, एक रुमाल सोडला, पुन्हा बांधला (गाठ ढिली होती, कोणी शिकविले नसावे), आणि आमच्याकडे न पाहता म्हणाला, ‘काका, तूर्त उपलब्ध होत नाही.’

आम्ही विचारले, ‘बाळ, किती दिवस झाले तुला इथे?’

‘आज तिसरा.’

तिसरा! आम्हास हे वाक्य न अडखळता म्हणावयास दीड वर्ष लागले होते.