नव्वदचा पाढा

आमचे दाजी बँकेतून निवृत्त झाले, पण कॅशियरची खिडकी त्यांनी अजून बंद केलेली नाही. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची भिशी तेच सांभाळतात, तालमीच्या गणपतीची वर्गणीही तेच मोजतात. त्यामुळे भिशीतल्या आम्ही काही जणांनी 2024 च्या ऑलिंपिकला पॅरिसला जायचं ठरवलं, तेव्हा अंदाजपत्रक कोण करणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. दुसऱ्या दिवशी दाजी लाल पुठ्ठ्याची वही घेऊन हजर. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ओळ होती : 1 युरो म्हणजे 90 रुपये. भाव तेव्हा साधारण तेवढाच होता, तक्रार भावाबद्दल नाही. पण त्या ओळीनं पुढे प्रत्येक घासाला ठसका लावला.

सुरुवात झकास झाली. सगळ्यात स्वस्त तिकीट 24 युरोंचं. दाजींनी मनातल्या मनात पाढा म्हटला आणि उजळ चेहऱ्यानं म्हणाले, “2,160! एवढ्यात ऑलिंपिक? मग मागं का गेलो न्हाई आपण?” खेळ बघायला निघालेल्या माणसाच्या खर्चात खेळ ही सगळ्यात किरकोळ बाब असते. बाकीचा पैसा त्या खुर्चीपर्यंत पोचायला लागतो आणि तो कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो.

तो व्हिसापासून दिसायला लागला. शेंगेन व्हिसाची फी 80 युरो होती, ती 11 जूनला 90 झाली. “नव्वद नव्वदे आठ हजार शंभर,” दाजी पुटपुटले. लहानपणी गुरुजींनी हा पाढा इतका लांब का नेला नाही, ते त्या दिवशी कळलं. शिवाय व्हिसासाठी खात्यात भरपूर पैसे दिसावे लागतात आणि जायचं तर तेच पैसे खात्यातून काढावे लागतात. उभी हयात बँकेत काढूनही दाजींना हे कोडं सुटलं नाही. त्यात विमा सक्तीचा, किमान 30,000 युरोंचा. दाजींनी ते कागद रात्रभर वाचले. “पावणं, तिकडं आजारी पडलो तर सत्तावीस लाखांपर्यंत खर्च कंपनीचा. आन् धडधाकट परत आलो तर?”

“तर काही नाही, दाजी.”

“म्हंजे हप्ता बुडाला!”

हॉटेलच्या बाबतीत दाजींचा सिद्धान्त पक्का होता : लवकर ठरवलं की स्वस्त पडतं. पंढरपूरपासून तिरुपतीपर्यंत तो कधी चुकला नव्हता. पॅरिसच्या हॉटेलवाल्यांनी मात्र जग लोटणार म्हणून आधी भाव आभाळाला नेऊन ठेवले, जग काही तेवढं लोटलं नाही, आणि स्पर्धा जवळ येईल तसे भाव उतरत गेले. आमचे पैसे भरून झाले होते. दाजी रोज रात्री त्याच हॉटेलातल्या त्याच खोलीचा उतरलेला भाव मोबाइलवर बघायचे आणि मग झोपायचे. झोपायचे म्हणजे आढ्याकडं बघत पडायचे.

शेवटी दाजींची बायको, आमची अक्का, कातावली. “अवो, खाशाबा जाधवांना हेलसिंकीला धाडायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. 1952 साली! आन् तुम्ही युरोच्या नावानं रडताय?”

“ते पदक आणायला गेले होते,” दाजी शांतपणे म्हणाले. “आम्ही टाळ्या वाजवायला चाललोय. टाळ्यांवर कर्ज कोण देतंय?”

मग काटछाट सुरू झाली. लाटांवरच्या सर्फिंगची स्पर्धा ताहितीला, पॅरिसपासून पंधरा हजार किलोमीटरपेक्षा लांब. ती दाजींनी आनंदानं खोडली, न मागता खर्च वाचला. सायकल शर्यत आणि मॅरेथॉन रस्त्याकडेला उभं राहून फुकट बघता येतात, त्यांच्यापुढं दोन-दोन बरोबरच्या खुणा झाल्या. पुरुषांची सायकल शर्यत 273 किलोमीटरची होती आणि उभ्या माणसाच्या वाट्याला त्यातले फार तर वीस मीटर येतात, पण फुकट ते फुकट. नेमबाजी आली तेव्हा पेन थांबलं. ती पॅरिसला नव्हतीच, दोनशे सत्तर किलोमीटरवरच्या शातोरूला होती. “म्हंजे रेल्वेचं भाडं वेगळं. आन् त्यात दिसतंय काय? माणूस हालत न्हाई, गोळी दिसत न्हाई.” तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबतच्या कोल्हापुरात बसून हे बोलायला छाती लागते. दाजींनी नेमबाजीवर काट मारली आणि हॉकी घेतली.

पॅरिसमध्ये आम्ही बरंच चाललो. मेट्रोचं सव्वादोन युरोंच्या आतलं तिकीट स्पर्धेपुरतं 4 युरो केलेलं होतं, आणि दाजी स्टेशनच्या जिन्यापाशी क्षणभर थांबून “तीनशे साठ” म्हणायचे, की सगळे गुमान पुढं चालू लागायचे. कॉफी गल्ल्याशी उभ्यानं घेतली तर स्वस्त, टेबलाशी बसलं की महाग. टपरीवर चहा पिऊन वाढलेल्या आमच्या पायांना हे जड गेलं नाही. हॉटेलात साध्या पाण्याचा जग मागितला तर फुकट मिळतो, हा शोध लागल्यावर दाजींना फ्रान्सबद्दल आदर वाटू लागला. ते जेवताना तीन-तीन जग रिचवायचे.

1 ऑगस्टला सकाळी दहाला कोलोंबच्या मैदानात भारत-बेल्जियम सामना. 1924 च्या ऑलिंपिकचं हे मुख्य मैदान. अभिषेकनं गोल केला, आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडलो. तेवढ्यात खिशातले फोन थरथरायला लागले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं शातोरूला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं होतं. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! अख्ख्या कोल्हापूरनं ते दुपारचं जेवण आटोपून सोफ्यावरून पाहिलं. अक्काचा फोन आला, “बघितलंसा न्हवं? किती लांबून दिसला?”

दाजी मैदानाकडं बघत म्हणाले, “जरा लांबूनच.”

“पोरगा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस आहे म्हणे,” आमच्यातला एक जण बोलला. “आणि आपण नेमकं रेल्वेचंच तिकीट वाचवलं.” त्यानंतर बेल्जियमनं दोन गोल केले आणि आम्ही 2-1 नं हरलो, पण त्याकडं कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

परत आल्यावर अक्कानं दाजींच्या हातात एक पावती ठेवली. पदकाच्या दिवशी तिनं गल्लीत पेढे वाटले होते, उधारीवर. एकूण अठराशे रुपये. आम्ही श्वास रोखला. दाजींनी सवयीनं पाढा म्हटला, पण यावेळी उलटा. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या.

“वीस युरो? फक्त?” ते जवळजवळ ओरडलेच. “पाच मेट्रोच्या तिकिटांत सगळी गल्ली? अगं, मागची गल्ली का सोडलीस? जा, आणखी चार किलो सांग!”