सुटसुटीत लॅपटॉप: निवड, वहन आणि संगोपन

लहान, हलका, रोजच्या कामाला पुरेल आणि प्रवासात मिरवता येईल असा लॅपटॉप घ्यावा, ही इच्छा माणसाला दोनच वेळी होते. दिवाळीचा सेल लागला की, नाहीतर खांदा धरला की. दोन्ही वेळी बुद्धी ठिकाणावर नसते. इच्छुकांनी त्याआधीच पुढील विधी वाचून ठेवावा.

प्रथम सल्लागार नेमावा. प्रत्येक मराठी कुटुंबात एक भाचा असतो ज्याला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’. त्याचे शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचे असले तरी हरकत नाही. त्याला रविवारी दुपारी, म्हणजे तो झोपलेला असताना, फोन करावा. तो दोन प्रश्न विचारील. “मामा, बजेट किती?” आणि “यूज काय आहे?” बजेट खरे सांगू नये; ते घरातही अजून कोणाला सांगितलेले नसते. ‘यूज’ मात्र आपण भरभरून सांगतो. दापोलीला समुद्राकडे तोंड करून लेखन, विमानात प्रेझेंटेशनवर शेवटचा हात, हिमाचलमध्ये फोटोंची काटछाट. भाचा हे सगळे ऐकून घेतो आणि शेवटी त्याला स्वतःला जो हवा असतो तो लॅपटॉप सुचवतो. अडीच किलोचा, गेमिंगचा, कळांखाली सात रंगांचे दिवे लागणारा, आणि हातात धरला तर विटेची आठवण करून देणारा चार्जर असलेला. त्याचे आभार मानून फोन ठेवावा.

मग एक कागद घ्यावा आणि गेल्या वर्षभरात आपण लॅपटॉप खरोखर कुठे कुठे उघडला ते लिहावे. डायनिंग टेबल, वाटीभर चिवडा बाजूला सरकवून. पलंग, उशीला टेकून. सासुरवाडीचा सोफा, “जावईबापू, इथेही काम?” हे ऐकत. पुण्याहून मुंबईला जाताना गाडीतली खुर्ची. दवाखान्यातला बाक. या यादीत दापोली नसते. लॅपटॉप या कागदासाठी घ्यायचा आहे, दापोलीसाठी नव्हे. एवढे एकदा मनाला पटले की निम्मी दुकाने आपोआप गळतात. पण मनाला पटत नाही, म्हणून पुढचे अध्याय लिहावे लागतात.

त्यातला सर्वांत मोठा अध्याय वजनाचा. १९८१ साली ऑस्बर्न १ नावाचा संगणक ‘पोर्टेबल’ म्हणून बाजारात आला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ११ किलो होते. पडदा ५ इंची. आत बॅटरी नव्हती. म्हणजे ११ किलो उचलून न्यायचे आणि पोचल्यावर भिंतीतला प्लग शोधायचा. त्याचे जनक ॲडम ऑस्बर्न यांचे बालपण रमण महर्षींच्या तिरुवण्णामलैत गेले होते, हे कळल्यावर इतकी सहनशीलता कुठून आली असावी याचा थोडा उलगडा होतो. पुढे २००७ मध्ये आसुसचा ईई पीसी आला. ७ इंची पडदा, वजन किलोच्या आत, कळा मात्र अशा की प्रौढ माणसाची दोन बोटे शेजारी शेजारी ठेवली तर तीन अक्षरे उमटावीत. आणि जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी भर मंचावर कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. १.३६ किलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. चार्जर त्या पाकिटात नव्हता.

हा चार्जर ध्यानात ठेवावा. खोक्यावर छापलेले वजन हे लॅपटॉपचे अंघोळीच्या वेळचे वजन असते. घराबाहेर तो तसा कधीच पडत नाही. त्याच्याबरोबर तीन पिनांची जाड वायर असलेला चार्जर असतो, माउस असतो, प्रोजेक्टरला जोडायचे शेपूट असते, आणि दुकानदाराने ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणून दिलेली बॅग असते. ही बॅग रिकामी असतानाच पाऊण किलो भरते. सव्वा किलोचा लॅपटॉप घेतलेला गृहस्थ त्यामुळे अडीच किलो खांद्यावर घेऊन हिंडतो आणि मित्रांना सव्वा किलो सांगतो. यावर उपाय सोपा आहे. विमानाच्या भीतीने बॅगा तोलायला आपण जो हुकाचा काटा घेतला होता, तो दुकानात न्यावा. सगळे सामान बॅगेत भरायला लावावे आणि काट्याला टांगावे. विक्रेता हसेल. हसू द्यावे. आकडा दोन किलोच्या वर गेला तर आपणही हसून पुढच्या दुकानात जावे.

इथे कव्हराचा प्रश्न येतो. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढता दहा वर्षे वापरणारा आपला समाज आहे. फ्रिजच्या मुठीला मोजा, स्कूटरच्या सीटला रेक्झिन, सोफ्यावर चादर आणि चादर मळू नये म्हणून तिच्यावर टॉवेल. असा समाज अंगभर ॲल्युमिनियमचा, कागदासारखा पातळ लॅपटॉप लाख रुपये मोजून घेतो आणि त्याच संध्याकाळी त्याला कडक प्लास्टिकचे कवच चढवतो. कवचावर स्लीव्ह. स्लीव्ह बॅगेत. बॅगेला पावसाळी टोपी. कंपनीच्या इंजिनिअरांनी रात्री जागून घटवलेले ग्रॅम आपण चढत्या क्रमाने परत बसवतो. हे टाळण्याचा उपाय या शास्त्रात नाही. तेव्हा लॅपटॉप आधीच शंभर-दोनशे ग्रॅम हलका पाहावा.

पडद्याचा आकार आसनावर ठरतो. १३ ते १४ इंच हे प्रवासी माप, १५.६ इंच हे घरजावयाचे. शंका असल्यास डेक्कन क्वीनच्या एसी चेअर कारमध्ये प्रयोग करावा. समोरच्या खुर्चीच्या पाठीचा ट्रे उघडावा, लॅपटॉप मांडावा, झाकण नीट मागे करावे आणि वाट पाहावी. पुढचे काका नाश्ता आटोपून पाठ मागे टाकतात. मोठ्या लॅपटॉपचे झाकण त्या पाठीच्या कडेत अडकते, बिजागरी कुरकुरते, आणि आपण “काका, जरा...” म्हणेपर्यंत काकांना डोळा लागलेला असतो. १३ इंची झाकण त्या फटीतून निसटते. दुकानात हा प्रयोग करायचा असल्यास एक खुर्ची आणि एक काका सोबत न्यावेत.

उजेडाचेही तेच. दुकानात ट्यूबलाइटखाली सगळे पडदे झळाळतात. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्सचा चकचकीत पडदा सकाळी गाडीच्या खिडकीशी नेला की एक्सेल दिसत नाही, आपला चेहरा दिसतो, आणि तो काही पाहण्यासारखा नसतो. ४०० निट्स आणि चकाकी नसलेला पडदा असेल तर आकडे वाचता येतात. गरिबांनी बोरघाटाची वाट पाहावी. तिथल्या बोगद्यांत कोणताही पडदा उत्तम दिसतो. फक्त तेव्हा नेटवर्क नसते.

आता नावे. प्रोसेसरचे नाव पत्रिकेसारखे वाचावे. वरवर सगळेच ग्रह उच्चीचे दिसतात, घात एखाद्याच घरात असतो. ‘रायझन ५ ७५२०यू’ हे उदाहरण घ्या. पहिला ७ म्हणजे २०२३ सालचे मॉडेल, म्हणून आपण खूश. पण कंपनीच्याच त्या पद्धतीप्रमाणे तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो, आणि तो आहे २. म्हणजे झेन २, जी रचना बाजारात आली २०१९ साली. नवरामुलगा नवा, जन्मतारीख जुनी. शेवटच्या अक्षराकडेही लक्ष असू द्यावे. यू असेल तर वीज बेताने खाणारा, एच असेल तर खादाड आणि अंगाने गरम. मांडीवर ठेवून काम करणाऱ्यांनी एचच्या वाटेला जाऊ नये.

रॅमबद्दल फार बोलण्यासारखे नाही. १६ जीबी घ्यावी. विक्रेता म्हणेल, “साहेब, आत्ता आठ घ्या, नंतर वाढवता येईल.” त्याला मागचे झाकण उघडून जागा दाखवायला सांगावे. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक वेळा मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. हे ऐकल्यावर तो चहा मागवतो. चहा प्यावा.

बॅटरी ‘१८ तास’ असे लिहिलेले असते. ते १८ तास अशा माणसाचे असतात जो पडदा मंद करून, कोणाशी न बोलता, एकच सिनेमा सलग पाहत बसतो. आपण कॅमेरा चालू ठेवून साहेबांसमोर मान डोलावतो आणि ब्राउझरमध्ये पस्तीस टॅब उघडे ठेवतो, कारण त्यातला एक कधीतरी लागेल. छापील आकडा निम्मा करावा, म्हणजे आपला. रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांनी “डब्यात लावू चार्जिंगला” हा बेत सोडावा; आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ तिथले पॉइंट बंद ठेवतात. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी चालते आणि हलके लॅपटॉप त्याच्या पुष्कळ आत असतात, त्यामुळे ती काळजी नको. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच ठेवावी, नाहीतर चेक-इनला दिलेली बॅग उघडायला बोलावणे येते आणि मेथीचे ठेपले चारचौघांत बाहेर काढावे लागतात.

चार्जर यूएसबी-सीचा असावा. फोनचा आणि लॅपटॉपचा एकच, ६५ वॉटचा, मुठीत मावणारा. युरोपीय संघाने तर २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना ही सोय सक्तीचीच केली आहे. आपल्याकडे या सोयीचा अर्थ एवढाच की घरातली कोणीही व्यक्ती आपला चार्जर कुठेही घेऊन जाऊ शकते. जुना जाड गोल पिनेचा चार्जर दुसऱ्या कशालाच बसत नसे, म्हणून तो घरी राहत असे.

धातूच्या अंगाबद्दल एक सूचना. जुन्या वाड्यात, जिथे प्लगला तीन भोके असतात पण तिसऱ्याच्या मागे वायर नसते, तिथे असा लॅपटॉप चार्जिंगला लावून मनगट टेकवले की बारीक मुंग्या येतात. दोन पिनांच्या चार्जरनेही हेच होते. कारण साधे आहे: चार्जरमधून अगदी किंचित गळणाऱ्या विजेला अर्थिंग मिळाले नाही, की ती लॅपटॉपच्या अंगावर रेंगाळते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी लॅपटॉप जागृत असल्याचे जाहीर करण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्यावे.

कीबोर्डची परीक्षा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात बेशरमपणे घ्यावी. लॅमिंग्टन रोड असो वा तपकीर गल्ली, विक्रेता लॅपटॉप उघडतो, पडद्यावर डोंगर दाखवतो आणि मिटतो. त्याला थांबवावे, नोटपॅड उघडायला सांगावे आणि उभ्या उभ्या टंकायला लागावे. मराठी इनस्क्रिप्टने टंकणाऱ्यांनी तर हे केलेच पाहिजे. लहान लॅपटॉप करताना कंपन्या जागा काढतात ती उजव्या काठावरच्या कळा चिणून, कारण इंग्रजीत तिथे चौकटी कंस आणि तिरक्या रेघा असतात, ज्यांच्यावाचून कोणाचे अडत नाही. आमच्या इनस्क्रिप्टमध्ये नेमका तिथे ड बसतो, अवतरणचिन्हाच्या कळीवर ट, आणि एन्टरच्या डोक्यावर, सर्वांत चिणलेल्या कळीवर, ॉ. म्हणून दुकानात ‘डॉक्टर’ हा शब्द टंकावा. भरभर, न पाहता, पाचदा. पाचही वेळा डॉक्टर उमटले तर पैसे द्यावेत. ‘ढकटर’ उमटले, किंवा ॉ ऐवजी एन्टर दाबला जाऊन डॉक्टर दोन ओळींत विभागले गेले, तर तो लॅपटॉप इंग्रजी माध्यमाचा आहे असे समजून मिटावा. तळहात टेकतो तिथे अंगठ्याने दाबूनही पाहावे. पृष्ठभाग खाली गेला आणि वर आला तर तो लॅपटॉप पातळ नसून कुपोषित आहे. झाकण एका बोटाने उघडावे. खालचा भाग बरोबर उचलला गेला तर लोकलमध्ये तिसरा हात लागेल.

भाव करावा. नाही झाला तरी करावा, नाहीतर दुकानदाराला आपण परगावचे वाटतो. बॅग नको म्हणून तेवढे पैसे कमी करा, हे वाक्य आजवर कोणाचे चाललेले नाही. बॅग घ्यावी आणि भाच्याला द्यावी.

खरेदीनंतर पेढे वाटावेत, पण ऑफिसात वाटू नयेत. आपल्याकडे हलका, कुठेही नेता येणारा, दिवसभर चालणारा लॅपटॉप आला आहे ही बातमी साहेबांपर्यंत पोचली की गणपतीला गावी जाण्याच्या रजेचा अर्ज ते फार प्रेमाने मंजूर करतात, आणि वर म्हणतात, “बरोबर ने ना, तुला काय जड!” म्हणून कोणी विचारलेच तर वजन पावणेतीन किलो सांगावे. चार्जर सोडून.