दोनशे डिग्री, वीस मिनिटं

नाशिकात सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातून माणूस निवृत्त होतो, त्याचा व्हर्निअर होत नाही. आधी तो सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीकडे वळतो, मग शेजाऱ्यांच्या मिक्सरकडे, आणि घरात कोणी अडवलं नाही तर थेट स्वतःच्या गाडीखाली शिरतो. इंदिरानगरातल्या एका पार्किंगमध्ये असेच एक निवृत्त साहेब, त्यांचा नेहमीचा गॅरेजवाला मेस्त्री आणि साहेबांच्या ओव्हनची मालकीण असे तिघे एका लोखंडी रिंगेभोवती जमले होते.

दुखणं साधं होतं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या डाव्या चाकातून 'कट् कट्' व्हायचं. एक्सलच्या चाकाकडच्या टोकाला असलेल्या सीव्ही जॉइंटचं रबरी बूट फाटतं, ग्रीस उडून जातं, धूळ-पाणी आत शिरतं आणि आतल्या गोळ्या आपल्याच खाचा खायला लागतात. साहेबांनी मेस्त्रीला न विचारता द्वारका भागातून अख्खा एक्सलच आणला होता.

"बिल बघा मेस्त्री. तुम्ही सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात!"

मेस्त्रीने खोकं उघडून एक्सल फिरवून पाहिला. "साहेब, सामान पण निम्मंच आहे. रिंग कुठंय?"

"कसली रिंग?"

"एबीएसची. हा बिनएबीएसच्या मॉडेलचा एक्सल आहे."

यात दुकानदाराची लबाडी नव्हती. आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१९ पासून. त्याआधी एकाच गाडीच्या महाग मॉडेलला ते असायचं, स्वस्ताला नसायचं. बाजारात दोन्ही एक्सल मिळतात, दिसायला जुळी भावंडं. साहेबांची गाडी २०१६ ची, आणि तीही महागातली.

"एबीएस एक्सलमध्ये नसतं हो, ते कॉम्प्युटरमध्ये असतं," साहेब सरसावले. "बॉशने १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये दिलं. आणि बॉश म्हणजे कोण? आपली मायको! मायको सर्कलवाली. म्हणजे एबीएस घरचंच की."

"सातपूरला नोझल आणि इंजेक्टर बनतात, साहेब. ब्रेकशी त्यांचा काय संबंध? आणि कॉम्प्युटर असू द्या जागेवर. चाक फिरतंय की अडकलंय हे त्याला सांगणार कोण?"

मेस्त्रीचा मुद्दा अगदी नेमका होता. जॉइंटच्या अंगावर दात्यांची पोलादी रिंग घट्ट बसवलेली असते. तिच्यापासून साधारण मिलिमीटरभर अंतरावर सेन्सर असतो. जुन्या पद्धतीचा असेल तर आत एक चुंबक आणि तारेचं वेटोळं, बस. समोरून दाता गेला, खाच गेली, पुन्हा दाता गेला, की वेटोळ्यात विजेची लाट उठते. लाटा किती भरभर येतात त्यावरून कॉम्प्युटर चाकाचा वेग काढतो. रिंग नसेल तर त्याच्या लेखी ते चाक उभंच आहे. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि एबीएस रजेवर जातं. साधा ब्रेक लागतो, पण कसारा घाटात भर पावसात उतरताना जे हवं ते नेमकं नसतं.

"मग जुन्या एक्सलवरची रिंग काढून नव्यावर चढवू," साहेब म्हणाले.

"चढवू की. छिन्नी लावतो, दोन ठोके देतो..."

"ठोके? खबरदार! प्रेस-फिट आहे ती. वाकडी झाली तर?"

"साहेब, तीस वर्षं ठोकतोय."

"म्हणूनच सांगतोय!"

इथे साहेबांची बाजू घ्यावी लागते. या रिंगा बऱ्याचदा धातूची भुकटी दाबून, भाजून केलेल्या असतात. कडक असतात, पण ठोक्याला तडकतात. ठोका लागला नाही तरी खालून गंज फुगून त्या चिरतात, आणि आपल्या पावसाळ्यात गंजाला निमंत्रण लागत नाही. चिरलेली रिंग चाकाच्या प्रत्येक फेरीत एकदा खोटं बोलते, कारण चिरेजवळची खाच रुंद झालेली असते. त्याची गंमत म्हणजे हायवेवर काही जाणवत नाही, पण कॉलनीच्या गतिरोधकाशी गाडी थांबत आली की ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरतं.

मेस्त्रीने हात झटकले. "एवढी नाजूक असेल तर नवीनच आणतो. काही शे रुपयांची तर गोष्ट!" स्कूटरवर गेला आणि अर्ध्या तासात प्लॅस्टिकच्या पिशवीतली चकचकीत रिंग घेऊन आला. "घ्या. सेम टू सेम."

साहेबांनी व्हर्निअर लावला. आतला व्यास जुळला, बाहेरचा जुळला, जाडी जुळली. साहेब निरुत्तर झाले. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या बाईसाहेबांनी रिंग उचलली, एका दात्याला नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि विणकामाचे टाके मोजावेत तशी ओठ हलवत ती फिरवू लागल्या.

"अहो, हिचे अठ्ठेचाळीस. जुनीचे किती?"

जुनीलाही ठिपका लागला. चव्वेचाळीस.

"चार दाते जास्त, म्हणजे फायदाच ना वहिनी," मेस्त्री म्हणाला, पण आवाज जरा खाली आला होता.

साहेबांनी मात्र लगेच बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. कॉम्प्युटर चव्वेचाळीस दात्यांना एक फेरी धरणार. गाडी चाळीसच्या वेगाने गेली तर डावं चाक एकटंच साडेत्रेचाळीसने पळतंय असं त्याला दिसणार. एका गाडीची चार चाकं सरळ रस्त्यावर चार वेगांनी जात नाहीत, हे त्याला ठाऊक असतं. तो दिवा तरी लावणार, नाहीतर नको तेव्हा ब्रेक सोडणार. नवी रिंग पिशवीत परत गेली.

आता जुनीला पर्याय नव्हता. जुना जॉइंट शाफ्टवरून उतरवला, ग्रीस पुसलं, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी मेस्त्रीने बेअरिंग काढायचा पुलर आणला. त्याच्या पातळ पट्ट्या रिंगेच्या मागे दोन्ही बाजूंनी सरकवल्या, हीट गनने रिंग भराभर गरम केली आणि स्क्रू थोडा थोडा आवळत नेला. रिंग सरळ, अखंड उतरली. हातोडा हे त्याचं एकमेव हत्यार नव्हतं, हे साहेबांना तेव्हा मान्य करावं लागलं. केलं की नाही, ते कळलं नाही.

"आता चढवायची कशी?" मेस्त्रीने विचारलं. "पाइप ठेवून ठोकू?"

"तापवून. अगं, ओव्हन रिकामा आहे ना?"

"माझा ओव्हन? त्यात नानकटाई होते!"

"दोनशे डिग्री, वीस मिनिटं. नानकटाईपेक्षा थोडं जास्त."

"आणि ग्रीसचा वास?"

साहेबांनी रिंग रॉकेलने धुतली, मग भांड्यांच्या साबणाने दोनदा, आणि उन्हात कोरडी केली. रॉकेलचा ओला अंश राहिलेली वस्तू ओव्हनमध्ये घालणं हा धुराचा आणि आगीचा मामला आहे, एवढं त्यांना नक्की कळत होतं. मग पुन्हा गणित. पोलाद दर डिग्रीला आपल्या लांबीच्या बारा दशलक्षांश भागांनी वाढतं. व्यास ऐंशी मिलिमीटर, तापमान तीसवरून दोनशेवर, म्हणजे रिंग सुमारे १६० मायक्रॉन मोठी होणार. बसायची जागा रिंगेपेक्षा ८० मायक्रॉनने जाड. उरली ८० मायक्रॉनची मोकळीक.

"शिवाय जॉइंट रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर आणखी पंचेचाळीस मायक्रॉन..."

"मटार आहेत तिथे," बाईसाहेबांनी निकाल दिला. पुढे चर्चा झाली नाही.

मेस्त्री एकदम हसला. "साहेब, हे तर आमच्या आजोबांचं काम! ते लोहार होते. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवायचे. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल करायची, चाकावर टाकायची आणि वर पाणी."

"तेच! फक्त पाणी नाही. तिथे लाकूड जळू नये म्हणून पाणी. इथे आपोआप गार होऊ द्यायचं. आणि लाल तर मुळीच नाही." साहेबांनी पुढे रेल्वेही ओढली. विजेच्या इंजिनांच्या मोटारींवर पिनिअन असंच तापवून चढवतात आणि नाशिकरोडच्या ट्रॅक्शन मशीन वर्कशॉपात त्या मोटारी दुरुस्त होतात, हे त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

ओव्हनची घंटा वाजली. जाड हातमोजे साहेबांच्या हातात, सांडशी मेस्त्रीच्या, आणि सूचना बाईसाहेबांच्या. रिंग नव्या जॉइंटवर सोडली तशी ती स्वतःच्या वजनाने खांद्यापर्यंत गेली. साहेब 'थोडी डावीकडे' म्हणेपर्यंत तिने पकड घेतलीही होती. या कामात दुरुस्तीला मिळतात ती काही सेकंदंच. तिरकी अडकली की पुन्हा पुलर.

जॉइंटमध्ये नवं ग्रीस, नवं बूट, नवा एक्सल नट. सेन्सरचं टोक पुसून घेतलं, कारण चुंबक असल्यामुळे त्यावर लोखंडाचा बारीक चुरा चिकटून राहतो. पाथर्डी फाट्याकडच्या मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहिला. पेडल शांत, दिवा विझलेला.

संध्याकाळी शेजारी आले. त्यांच्या नव्या गाडीला तसाच पिवळा दिवा लागत होता. "आमची पण भाजून द्या ना," म्हणाले. मेस्त्रीने चाकामागे वाकून पाहिलं आणि साहेबांच्या आधी नकार दिला. आता बऱ्याच गाड्यांत दात्यांची रिंगच नसते. बेअरिंगच्या सीलमध्ये काळी चुंबकी पट्टी असते आणि ओव्हनमध्ये तिचं रबर व चुंबकत्व दोन्ही खराब होतं. तिथे बेअरिंगच बदलायचं, आणि बसवण्याआधी टाचणी लावून चुंबकाची बाजू ओळखायची. ती बाजू सेन्सरकडे हवी. बेअरिंग उलटं बसलं तर नवं असूनही दिवा विझत नाही.