घरचा अर्थतज्ज्ञ

अर्थशास्त्रात एमए करणारा जीव ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनी 'काय रे, सोनं आत्ताच घ्यावं की दिवाळीपर्यंत थांबावं?' असं विचारलं की हा हातातली जिलबी ताटात ठेवतो, खिशातून पेन काढतो आणि निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर काटकोनात दोन रेषा ओढतो. उभीवर 'किंमत' लिहितो, आडवीवर 'नग'. मग फुलीसारखे दोन वक्र काढून, पाच मिनिटांनी 'इतर परिस्थिती कायम राहिली तर काही सांगता येईल' एवढं बोलून तो पुन्हा जिलबीकडे वळतो. काका पलीकडच्या विमा एजंटाकडे वळतात. एजंटाला उत्तर माहीत असतं, त्याला ते नेहमीच माहीत असतं. यावरून घरोघरी निष्कर्ष निघतो की दोन वर्षांची फी, मेसचे पैसे आणि झेरॉक्सचा खर्च पाण्यात गेला. आमचं म्हणणं उलट आहे. उत्तर द्यायला हा पोरगा कचरतो, तेवढ्यापुरतं तरी त्याचं शिक्षण अंगी लागलेलं असतं.

तो असा झाला कसा, हे बघायला हवं. एमए म्हणजे कलाशाखा, म्हणजे निवांत वाचन, अशा समजुतीने आलेल्याला पहिल्याच सत्रात लाग्रांज नावाचा गणिती गाठतो. बीएला मराठीतून घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत लिहून त्याने भरघोस मार्क मिळवलेले असतात: पहिला आंबा अमृत, चौथा नको. इथे आंबा गायब होतो, फक्त 'एक्स' उरतो, आणि त्याचं आंशिक विकलन करावं लागतं. त्यातून वाचला तर अर्थमिती. कपाटात दामोदर गुजराती यांचा जाडजूड ग्रंथ येतो. त्याच्या कण्यावरचं नाव वाचून पोरगा नोकरीसाठी अहमदाबादला जायची तयारी करतोय, असं आईला वाटतं. या ग्रंथातून तो एक मोलाची गोष्ट शिकतो: कुठलाही अंदाज एकटा येत नाही, सोबत चुकीची शक्यता घेऊन येतो. ही सवय एकदा लागली की माणूस घरात असह्य होतो. 'बस कधी आहे?' याचं उत्तर 'पाच दहाला, पंधरा मिनिटं अधिक-उणे' असं येतं. 'कोथिंबीर महागली का रे?' असं विचारलं की तो 'कशाच्या तुलनेत?' असं विचारतो, आणि जुडी आणायला बाबांना जावं लागतं.

पण तो 'कशाच्या तुलनेत' किती कामाचा आहे, हे कांद्यापाशी कळतं. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. 'बरं केलं की वाईट?' या प्रश्नाला ठाण्याच्या फ्लॅटमधली आत्या आणि निफाडजवळ चाळीत कांदा साठवून बसलेले मामा एकाच दिवाळीत, एकाच सोफ्यावर बसून, तितक्याच ठामपणे परस्परविरुद्ध उत्तरं देतात. दोघंही बरोबर असतात. आपला विद्यार्थी मध्येच कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत काढतो: यंदा भाव चढला म्हणून सगळे लावतात, म्हणून पुढे तो पडतो, म्हणून कोणी लावत नाही, म्हणून पुन्हा चढतो. ऐकून आत्याही रागावते आणि मामाही. तरी त्या खोलीत दोन्ही हिशेब एका कागदावर मांडणारा तो एकटाच असतो.

तज्ज्ञ म्हणजे एकमुखाने बोलणारा, ही समजूत या विषयात कधीच खरी नव्हती. भारताच्या चलनव्यवस्थेवर अर्थशास्त्रज्ञ केन्सने 1913 साली पुस्तक लिहून सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली. दहाच वर्षांनी डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरच्या आपल्या ग्रंथात तीच पद्धत खोडून काढली. 2013 चं अर्थशास्त्राचं नोबेल तर तिघांत वाटलं गेलं. त्यातले फामा बाजाराला शहाणा मानणारे, आणि शिलर त्याला लहरी ठरवणारे. व्याजदर ठरवायला आपल्याकडे 2016 पासून सहा जणांची समिती आहे. महागाई 4 टक्क्यांच्या आसपास ठेवायची, इकडेतिकडे 2 टक्के चालतील, हे लक्ष्य सहाही जणांना सारखंच दिलेलं आहे. तरीही मतं फुटतात. समसमान झाली तर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं जादा मत तिढा सोडवतं. हे सगळं कायद्यानेच गृहीत धरलेलं आहे. मग पंचवीस वर्षांच्या पोराने जिलबी हातात धरून सोन्याचा भाव छातीठोक सांगावा, हा आग्रह कशासाठी?

यावर काका म्हणतील, अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो शेअरबाजारात गब्बर झाला, केन्सनेही पैसा केला, यालाच काय धाड भरली? खरं आहे, पण रिकार्डो आधी दलाल होता, अॅडम स्मिथ त्याच्या हाती पडला तोवर खिसा भरलेला होता. केन्स चलनाच्या सट्ट्यात 1920 साली सपाटून बुडाला, तो नंतर सावरला. आणि ज्या दोघांना 1997 चं नोबेल मिळालं, ते मर्टन आणि शोल्स ज्या फंडात भागीदार होते, तो वर्षभरातच कोसळला.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. 'अवलंबून आहे' ही सोयीची पळवाट झाली, असं म्हणणाऱ्यांना उडवून लावता येत नाही. अशी मंडळी या वर्गात भरपूर आहेत. नेट द्यायची म्हणून, वसतिगृह सुटू नये म्हणून, किंवा घरी लग्नाचं बघायला लागतील म्हणून एमएला बसलेली. त्यांना ओळखायची परीक्षा सोपी आहे. लगेच विचारावं, 'कशावर अवलंबून?' ज्याने अभ्यास केला आहे तो चार गोष्टी मोजून सांगतो आणि त्यातली कुठली बदलली तर आपलं मत फिरेल, हेही सांगतो. ज्याने फक्त गाइड पाठ केलं आहे तो 'जागतिक परिस्थितीवर' म्हणतो आणि मठ्ठा मागतो. यातला पहिला प्रकार कमी आढळतो, हे मान्य. पण एजंटाला हा दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही, आणि विचारला तरी तो हप्ताच सांगतो.

तेव्हा यंदा गणपतीत असा कोणी तुमच्या घरी आला, तर त्याला शेअर विचारू नका, फ्लॅटचे भाव विचारू नका. कर्ज काढण्याआधी तुमचा हिशेब त्याच्यापुढे ठेवा आणि त्यात काय धरायचं राहिलं, एवढंच विचारा. ते तो फुकट सांगेल, आणि गरजेपेक्षा जास्त सांगेल. फक्त त्याच्या परीक्षेचा निकाल कधी लागणार, हे विचारू नका. विद्यापीठाच्या बाबतीत अर्थमितीचंही काही चालत नाही.